मधुमेहात हृदय मुके का होते?

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मधुमेह हा विषय आपल्यापैकी कोणालाच नवा नाही. ज्या घरात मधुमेहाची गोळी नाही, असे घर आज शोधावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात तर प्रौढांमधील हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. दर चार प्रौढांमागे एक!

या व्याधीमुळे डोळे जातात, मूत्रपिंडे निकामी होतात, पायाची जखम चिघळते, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे निर्माण होतात, हेही आपण ऐकलेले असते. परंतु हृदयाला केवळ रक्तवाहिन्याच असतात असे नाही. त्याला मज्जातंतूही असतात. मधुमेह त्या मज्जातंतूंनाही पोखरतो. वैद्यकशास्त्रात या विकृतीला ‘कार्डियाक ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी’ म्हणतात. आपण तिला हृदयाच्या स्वायत्त मज्जातंतूंची विकृती म्हणू. ती गाजावाजा करीत नाही आणि बहुसंख्य मधुमेही बांधवांना तिचे नावही माहीत नसते. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय निवडला आहे.

लगाम आणि टाच

आपण झोपतो तेव्हा हृदयाचे ठोके मंदावतात, जिना चढतो तेव्हा ते वाढतात, आडवे असताना एकदम उभे राहिलो तरी मेंदूला रक्त कमी पडत नाही. यांपैकी एकही गोष्ट आपण ठरवून करीत नाही. हा सारा कारभार स्वायत्त मज्जासंस्था पाहते. तिच्या दोन शाखा आहेत. एक अनुकंपी, दुसरी परानुकंपी. हृदयाची घोड्याशी तुलना केली तर अनुकंपी शाखा म्हणजे टाच आणि परानुकंपी शाखा म्हणजे लगाम. हा लगाम ज्या मज्जातंतूच्या हाती आहे, त्याला व्हेगस असे म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला ‘प्राणेशा’ असे फार अर्थपूर्ण नाव दिलेले आहे.

व्हेगस मज्जातंतूला चेतविले की हृदय मंदावते, हे १८४५ साली वेबर बंधूंनी दाखवून दिले. ते नेमके कसे घडते, याचा उलगडा मात्र १९२१ साली ऑटो लोवी यांनी केला. त्यांनी बेडकाचे हृदय क्षारयुक्त द्रवात ठेवून त्याच्या व्हेगस मज्जातंतूला चेतविले. हृदय मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला, आणि ते हृदयही मंदावले. मज्जातंतू आपला निरोप रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोहोचवितो, हे त्यातून सिद्ध झाले. या क्षेत्रातील कार्यासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या लगामाचे महत्त्व एका आकड्यावरून ध्यानात येईल. हृदयाचा मज्जातंतूंशी काहीही संबंध उरला नाही, तर ते स्वतःच्या गतीने मिनिटाला साधारण शंभर ठोके देते. आपल्याला विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके सत्तरच्या आसपास आढळतात, ते प्राणेशेने लगाम खेचून धरल्यामुळे. हा लगाम सैल पडला, तर माणूस स्वस्थ बसलेला असतानाही हृदय दौडत राहते.

आधी कोण बळी पडते?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतूंच्या पेशींत अनेक अनिष्ट प्रक्रिया सुरू होतात. जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर होते, प्रथिनांना साखर चिकटून त्यांचे कार्य बिघडते, पेशींना घातक अशी ऑक्सिजनयुक्त द्रव्ये वाढतात. त्यातच मज्जातंतूंचे पोषण करणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात. म्हणजे शत्रूने आत शिरून नासधूस करावी आणि बाहेरून रसदही तोडावी, तसा हा दुहेरी मारा असतो.

मज्जातंतू जितका लांब, तितका तो लवकर बळी पडतो. म्हणूनच मधुमेहात मुंग्या येणे पायाच्या बोटांपासून सुरू होते. स्वायत्त मज्जातंतूंमध्ये सर्वांत लांब प्राणेशा. ती मेंदूच्या तळापासून निघून हृदयाला, फुप्फुसांना आणि पोटातील अवयवांना जाऊन भिडते. त्यामुळे बहुधा आधी लगाम निकामी होतो, टाच मात्र टोचतच राहते. या टप्प्यावर रुग्णाला काहीच त्रास नसतो. फक्त विश्रांतीच्या वेळची नाडी नव्वद, शंभर, क्वचित त्याहूनही अधिक भरते, आणि ती श्वासाबरोबर कमी-जास्त होईनाशी होते. पुढे अनुकंपी तंतूही झिजतात. मग दौडणाऱ्या घोड्यावर स्वारच उरत नाही. चालताना ठोके हवे तितके वाढत नाहीत, उभे राहिल्यावर रक्तदाब सावरला जात नाही. थोड्या श्रमाने दम लागतो आणि रुग्ण म्हणतो, “आता वय झाले!”

आपल्या घरातील ज्येष्ठ रात्री लघवीसाठी उठतात, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ते पडतात. सकाळी सर्वजण म्हणतात, पाय घसरला. फरशी ओली होती, इतकीच चौकशी होते. पंगतीवरून उठताना भोवळ आली, तर उन्हाचा त्रास झाला असे आपण समजतो. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत अशा प्रत्येक पडण्यामागे रक्तदाब एकाएकी उतरल्याचे कारण असू शकते, आणि ते शोधलेच पाहिजे.

वेदना ही पहारेकरी आहे

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे येतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडले की छातीत कळ येते. ही कळ मेंदूपर्यंत नेण्याचे काम मुख्यतः अनुकंपी मज्जातंतूंच्या सोबतीने जाणारे संवेदनवाहक तंतू करतात. तेच झिजले, तर वार्ता पोहोचत नाही. हृदयावर आघात होत असतो, परंतु पहारेकरी मुका झालेला असतो.

आपल्या समाजात एक समज खोलवर रुजलेला आहे. हृदयविकाराचा झटका म्हणजे छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस, असे चित्र चित्रपटांनी आणि नाटकांनी आपल्या मनावर ठसविले आहे. छातीत दुखले नाही म्हणजे हृदय ठणठणीत, असा निष्कर्ष मग आपण काढतो. मधुमेही माणसाच्या बाबतीत हा निष्कर्ष जिवावर बेतू शकतो. त्याच्या हृदयविकाराचा झटका एकाएकी लागलेली धाप, थंडगार घाम, मळमळ, उलटी, न संपणारा थकवा, किंवा कारणाविना भडकलेली साखर, अशा वेषांतरात येऊ शकतो. आपण त्याला अपचन समजून ओवा देतो, पित्त म्हणून गोळी देतो आणि अत्यंत मोलाचे पहिले तास वाया घालवितो.

घरातील माता-भगिनींच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. सर्वांचे जेवण झाल्यावर जेवायचे आणि सर्वांची दुखणी निस्तरल्यावर स्वतःचे दुखणे सांगायचे, ही त्यांची सवय. ज्या दुखण्यात दुखतच नाही, ते त्या कधी सांगणार? मधुमेही आईला नेहमीचे काम करताना दम लागू लागला, तर तो तिच्या वयाचा भाग समजू नका.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायड’ या अभ्यासात हृदयविकाराची कोणतीही लक्षणे नसलेल्या ५२२ मधुमेहींची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २२ टक्के व्यक्तींमध्ये हृदयाचा रक्तपुरवठा श्रमाच्या वेळी कमी पडण्याच्या खुणा आढळल्या. ही विकृती कोणाला असेल हे सुचविणाऱ्या घटकांत स्वायत्त मज्जातंतूंच्या तपासणीतील दोष अग्रस्थानी होता. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्यापेक्षाही त्याचे महत्त्व अधिक ठरले. अर्थात, लक्षणे नसलेल्या सर्वच मधुमेहींची अशी खर्चिक हृदयतपासणी केल्याने झटके किंवा मृत्यू कमी होत नाहीत, असे याच अभ्यासाच्या २००९ सालच्या निष्कर्षांत दिसून आले. म्हणजे सरसकट महागड्या तपासण्यांमागे धावणे हा मार्ग नव्हे. आधी साध्या परीक्षा कराव्यात आणि त्यांत दोष आढळला तर पुढचा विचार करावा, हेच शहाणपणाचे.

पाच साध्या परीक्षा

या साध्या परीक्षा आपल्याला दिल्या त्या एडिंबरा येथील डेव्हिड युइंग आणि बेसिल क्लार्क या डॉक्टरांनी, १९७०च्या दशकात. त्यासाठी लागते काय? हृदयालेख काढण्याचे यंत्र, रक्तदाबमापक, मूठ आवळण्याचे छोटे साधन आणि फुंकण्याची नळी. त्या पाच परीक्षा अशा:

पहिली, दीर्घ श्वसनाची. रुग्णाने मिनिटाला सहा या गतीने संथ श्वास घ्यायचा आणि सोडायचा. निरोगी माणसाची नाडी श्वास घेताना वाढते, सोडताना मंदावते. हा फरक मिनिटाला पंधरा ठोके किंवा अधिक असावा. दहा किंवा त्याहून कमी असेल तर प्राणेशा दुर्बल झाली असे समजावे. वयोमानानुसार हा फरक थोडा घटतो, हे डॉक्टर लक्षात घेतात. दुसरी, उभे राहण्याची. आडवा माणूस उभा राहिला की ठोके आधी झपाट्याने वाढतात आणि मग जरा उतरतात. ही चढ-उतार आलेखावर मोजतात. तिसरी, पंधरा सेकंद ठरावीक दाबाने नळीत फुंकण्याची. चौथी, उभे राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो ते पाहण्याची. पाचवी, काही मिनिटे मूठ आवळून धरल्यावर खालचा दाब किती चढतो ते मोजण्याची.

या परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हाव्यात. विशेषतः मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात रक्तस्रावाचा धोका असेल, तर जोराने फुंकण्याची परीक्षा टाळावी लागते.

याच डॉक्टरद्वयाने ७३ मधुमेहींचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९८० साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनी वैद्यकविश्व हादरले. ज्यांच्या परीक्षा सदोष होत्या, त्यांच्यापैकी ४४ टक्के रुग्ण अडीच वर्षांत आणि ५६ टक्के रुग्ण पाच वर्षांत दगावले. ते त्या काळचे, विकार बराच बळावलेले रुग्ण होते. अनेकांचा मृत्यू मूत्रपिंडे निकामी होऊन झाला, हेही सांगितले पाहिजे. आजचे उपचार अधिक प्रभावी आहेत. परंतु २००३ साली पंधरा अभ्यासांतील २९०० रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हाही ही विकृती असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका दुपटीहून थोडा अधिक आढळला. म्हणजे इशारा तोच आहे, आकडा सौम्य झाला इतकेच.

उपास, शस्त्रक्रिया आणि वारी

स्वायत्त मज्जातंतू दुर्बल झालेल्या व्यक्तीने काही प्रसंगी विशेष दक्षता घ्यावी लागते.

साखर एकदम कमी झाली की हातापायांना कंप सुटतो, घाम येतो, छाती धडधडते. ही धोक्याची घंटा अनुकंपी तंतूच वाजवीत असतात. ते झिजले की घंटा वाजत नाही आणि माणूस थेट बेशुद्ध होतो. नवरात्राचे किंवा चातुर्मासाचे उपास करणाऱ्या मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आपल्या डॉक्टरांना आधी विचारून औषधाची मात्रा आणि वेळ बदलून घ्यावी. व्रताचे पावित्र्य त्याने उणावत नाही; आजाऱ्याला सवलत देण्याइतके शहाणपण आपल्या परंपरेने नेहमीच दाखविले आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मधुमेहाची, भोवळ येण्याची आणि नाडी सतत जलद असण्याची माहिती अवश्य द्यावी. या विकृतीत भूल दिल्यावर रक्तदाब अनपेक्षितपणे कोसळू शकतो. मधुमेही रुग्णांत श्वसन आणि हृदय अकस्मात थांबल्याचे प्रसंग पेज आणि वॉटकिन्स यांनी १९७८ सालीच नोंदविले होते.

पंढरीची वारी असो, गडकोटांची मोहीम असो वा रोजचा व्यायाम. मधुमेह जुना असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. नाडी मोजून व्यायामाची तीव्रता ठरविण्याची पद्धत अशा व्यक्तींना उपयोगी पडत नाही, कारण त्यांची नाडी विश्वासार्ह राहिलेली नसते. सोबत्याशी बोलत बोलत चालता येईल इतका वेग ठेवावा. दम लागला, घाम फुटला की थांबावे. दुखत नाही म्हणून पुढे चालत राहू नये.

योगाभ्यासी मंडळी विचारतील की दीर्घ श्वसनाने नाडी मंदावते, तर प्राणायामाने हा विकार बरा होईल का? संथ श्वसनाचा प्राणेशेवर परिणाम होतो हे खरे. परीक्षाच मुळी त्यावर बेतलेली आहे. नियमित साधनेने मन शांत राहते, रक्तदाबालाही मदत होते. परंतु झडून गेलेले मज्जातंतू प्राणायामाने पुन्हा उगवतात, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. औषधे बंद करून साधना करू नये. औषधांच्या जोडीने करावी.

उपाय आहे, तो वेळेवर हवा

पूर्ण नष्ट झालेले तंतू परत मिळविणे आजही कठीण आहे. म्हणून सारा भर प्रतिबंधावर आणि लवकर निदानावर. अमेरिका आणि कॅनडा येथील १४४१ रुग्णांवर झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले, की बालवयात किंवा तरुणपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्यास मज्जातंतूंची हानी मोठ्या प्रमाणावर टळते. आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात केवळ साखरेवर लक्ष ठेवून भागत नाही. डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ अभ्यासात १६० रुग्ण सुमारे आठ वर्षे निरीक्षणाखाली होते. ज्या गटात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या साऱ्यांवर एकाच वेळी लक्ष दिले गेले, त्या गटात स्वायत्त मज्जातंतूंच्या विकृतीचा धोका ६३ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००३ साली जाहीर झाले. एका विटेने घर उभे राहत नाही, तसेच हे आहे.

मात्र घाईही नको. दीर्घकाळ वाढलेली साखर अवघ्या काही आठवड्यांत फार खाली आणली, तर मज्जातंतूंना उलट इजा होऊ शकते, हे आता सिद्ध झाले आहे. ‘एका महिन्यात मधुमेहमुक्ती’ अशा जाहिरातींना भुलणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. आणखी एक गोष्ट. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे उत्तम औषध अनेक वर्षे घेतल्यास शरीरातील बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी कुटुंबांत ते आधीच कमी असते. त्याच्या अभावानेही मज्जातंतू बिघडतात. ही उणीव साध्या रक्ततपासणीने कळते आणि अल्प खर्चात भरून निघते. औषध बंद न करता डॉक्टरांकडून तेवढी तपासणी करून घ्यावी.

ज्यांचा रक्तदाब उभे राहताच उतरतो, त्यांनी अंथरुणातून उठताना आधी क्षणभर बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. पाणी पुरेसे प्यावे. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा मनःशांतीच्या गोळ्यांपैकी एखादी हा त्रास वाढवीत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. गरजेनुसार पायांत घट्ट मोजे आणि काही औषधेही उपलब्ध आहेत.

कार्यकर्त्यांकडून अपेक्षा

या सभागृहात आरोग्यसेवेचे काम करणारे अनेक कार्यकर्ते बसलेले आहेत. गावोगावी, वस्तीवस्तीवर आपण मधुमेह तपासणी शिबिरे घेतो. बोटाला सुई टोचतो, साखरेचा आकडा कागदावर लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. या उपक्रमाला मी आज तीन गोष्टी जोडण्याची विनंती करतो.

एक, ज्याला मधुमेह आहे त्याची पाच मिनिटे स्वस्थ बसल्यानंतरची नाडी मोजा आणि लिहा. ती शंभराच्या जवळ किंवा वर असेल, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा. रक्तक्षय, ताप, थायरॉईड अशी अन्य कारणेही असू शकतात. ती डॉक्टर तपासतील. दोन, त्याचा रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी मोजा. वरचा दाब वीस किंवा खालचा दहा अंशांनी उतरत असेल तर ती धोक्याची सूचना समजा. तीन, त्याला विचारा, उठताना अंधारी येते का, पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो का, साखर उतरल्याचे कळेनासे झाले आहे का? यासाठी नवे यंत्र लागत नाही, निधी उभारावा लागत नाही. प्रत्येक व्यक्तीमागे दहा-बारा मिनिटे आणि थोडी आस्था लागते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान होताच, आणि पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांनी, या विकृतीची चौकशी व्हावी आणि दरवर्षी होत राहावी, अशी वैद्यकीय संघटनांची शिफारस आहे. आपल्याकडे वर्षातून एकदा डोळे आणि मूत्रपिंडे तपासून घेणारेही कमीच; हृदयाच्या मज्जातंतूंची आठवण कोणाला होणार? ती करून देणे हे तुमचे-माझे काम आहे.

सुश्रुतांनी प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले. जन्मतः आलेला आणि चुकीच्या आहार-विहाराने ओढवून घेतलेला. रुग्णाची राहणी पाहून उपचार ठरविण्याची ही दृष्टी आजही तितकीच मोलाची आहे. तिच्या जोडीला आज आपल्या हाती नाडीचा आलेख आहे, रक्तदाबमापक आहे, इन्सुलिन आहे. पूर्वजांच्या ज्ञानाचा केवळ अभिमान बाळगून साखर उतरत नाही. त्यांनी ज्या चिकित्सक वृत्तीने रोगाकडे पाहिले, त्या वृत्तीने आपण आपल्या घरातील रुग्णाकडे पाहावे.

आज घरी गेल्यावर आपल्या घरातील मधुमेही व्यक्तीजवळ शांतपणे बसा आणि एक मिनिट त्यांची नाडी मोजा. जे हृदय स्वतःची व्यथा सांगू शकत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी लक्ष ठेवावे लागते. ते लक्ष आपण ठेवावे, एवढीच विनंती करतो आणि माझे भाषण संपवितो.